परत आलेले पार्सल

(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत चौथ्या दिवशी दिलेल्या भाषणाचे लेखी रूप. समितीच्या सूचनेवरून भाषा शक्यतो बोलल्याप्रमाणेच ठेवली आहे.)



मी वक्ता नाही. नागपूरला मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि २००३ साली, म्हणजे आपला दक्षिण पूर्व मध्य रेल्वे हा झोन सुरू झाला त्याच वर्षी, बिलासपूरला कॅरेज अँड वॅगनमध्ये लागलो. तेव्हापासून चाके, ब्रेक आणि कपलर यांच्याशीच माझे बोलणे. समितीचे सचिव घरी आले तेव्हा मला वाटले वर्गणीसाठी आले. पण पावतीपुस्तक काही निघेना. म्हणाले, "भाऊ, यंदा एक दिवस तुमचे व्याख्यान. वहिनींच्या साडीची हकीकत सांगा." मी म्हटले, त्यात सांगण्यासारखे काय आहे? साडेअठरा हजाराला बुडालो, एवढेच. तर म्हणाले, "कॉलनीतल्या कितीतरी घरांतून आता काही ना काही ऑनलाइन विकले जाते. लोकांनी बुडायच्या आधी ऐकलेले बरे."

तेव्हा सांगतो. यात माझीही एक चूक आहे. ती सांगायला जड जाते, पण ती वगळली तर हकीकत अर्धीच राहील.

आमच्या सौ.नी २०२१ साली कोसा साड्या विकायला सुरुवात केली. आपल्यापैकी बरेच जण महाराष्ट्रातून इथे आले तेव्हा पैठणीखेरीज दुसरी भारी साडी त्यांना ठाऊक नव्हती. पण चांपा आपल्यापासून गाडीने तासाभरावर. तिथल्या देवांगन विणकरांच्या घरी गेलात तर समोर मागावर कोसा चढलेला दिसतो. जंगलातल्या साजा आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढणाऱ्या किड्यांचे हे रेशीम. त्याचा मूळ रंगच मधासारखा, आणि सूत कुठे जाड, कुठे बारीक. हा जाड-बारीकपणा दोष नाही, तीच त्याची ओळख. पुढे माझ्या बोलण्यात ही गोष्ट पुन्हा येणार आहे, म्हणून आताच सांगून ठेवली.

आधी कॉलनीत, हळदीकुंकवाच्या निमित्ताने दहा-बारा साड्या खपल्या. मग नागपूर, अमरावती, पुण्याच्या नातेवाइकांत. मग भाच्याने एका मोठ्या ऑनलाइन कंपनीवर दुकान उघडून दिले. फोटो त्याने काढले, वर्णन सौ.नी लिहिले, आणि भांडवल मी क्रेडिट सोसायटीतून कर्ज काढून दिले. विणकराला पैसे रोख द्यावे लागतात. तो आपल्यासारखा पगारदार नाही, साडी मागावरून उतरली की त्याला पैसे हवेत. आपले पैसे मात्र कंपनीकडून ग्राहकाची परतीची मुदत संपल्यावर येतात. हा मधला काळ लहान धंद्याचा खरा नाजूक काळ. माल गेलेला असतो, पैसे आलेले नसतात, आणि हप्ता मात्र पगारातून कापलेला असतो.

२०२२ च्या दसऱ्याला सगळ्यात भारी साडी गेली. किंमत १८,५००. दूरच्या एका मोठ्या शहरातल्या ग्राहकाने घेतली. घरात आनंद. सौ.नी नेहमीप्रमाणे आत आभाराची चिठ्ठी आणि हळदीकुंकवाची पुडी ठेवली. सहा दिवसांनी परतीची सूचना आली. कारण: रंग फोटोपेक्षा वेगळा. ठीक आहे, असे होते. कोशाचा रंग मोबाइलवर एक दिसतो आणि खिडकीपाशी दुसरा. दिवाळीच्या तोंडावर पार्सल परत आले. घरात फराळाची गडबड. सौ.नी सही करून घेतले आणि कपाटावर ठेवले. दुसऱ्या दिवशी दुपारी उघडले.

खोके आमचे. चिठ्ठी आमची. हळदीकुंकवाची पुडीसुद्धा तशीच. रेशमाच्या खात्रीचे सिल्क मार्कचे लेबलही होते, फक्त ते आता सेफ्टीपिनने लावलेले होते. सौ.नी साडी हातात घेतली आणि घडी न उलगडताच म्हणाल्या, "ही आपली नाही." मुलाने पदराचा एक धागा काढून काडी लावली. अस्सल रेशीम जळते तेव्हा केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरता येते. हा धागा वितळला आणि टोकाला काळा मणी झाला. पॉलिएस्टर. बाजारात फार तर सातशेची.

कंपनीकडे दावा केला. फोटो जोडले, धागा जाळल्याचेही वर्णन लिहिले. उत्तर दोन ओळींचे: पार्सल उघडतानाचे सलग चित्रण जोडलेले नाही, सबब दावा नामंजूर. ग्राहकाला त्याचे पैसे आधीच मिळाले होते. शिवाय परतीच्या वाहतुकीचा खर्च आमच्या खात्यातून वळता झाला.

आता माझी चूक. पार्सलवर आमची छापील चिकटपट्टी नव्हती, साधी तपकिरी होती. मी म्हटले, वाटेत कुणीतरी उघडले. आणि वाटेतला माझ्या ओळखीचा माणूस एकच, पार्सल घेऊन आलेला मुलगा. वीस-बावीस वर्षांचा, मोटरसायकलवर भलीमोठी काळी पिशवी घेऊन कॉलनीत येणारा. मी कंपनीला ई-मेल लिहिला. त्याचे नाव लिहिले, दिवस लिहिला, वेळ लिहिली. भाषा चांगली कडक होती. चार्जशीटची उत्तरे वाचून वाचून आपल्याला तशी भाषा येते. तीन दिवसांनी तो मुलगा यायचा बंद झाला. मला बरे वाटले, हे कबूल करतो.

पंधरा-सोळा दिवसांनी माझ्या मनात एक साधी गोष्ट आली, जी पहिल्याच दिवशी यायला हवी होती. आपण दिवसभर कोळशाचे रेक बघतो. माल कमी भरला की नाही, वाटेत गेला की नाही, हे आधी कशावरून कळते? वजनावरून. पार्सलचेही वजन होते. कुरियरच्या केंद्रात मशीनवर ते नोंदले जाते, कारण भाडे त्यावरच घेतात. मी ड्यूटी संपवून त्यांच्या केंद्रावर गेलो. तिथला प्रमुख भला होता, त्याने पडद्यावर दाखवले. आम्ही पाठवले तेव्हा वजन ७४० ग्रॅम. परतीच्या प्रवासात, ग्राहकाच्या शहरातल्या पहिल्याच केंद्रात, ४६० ग्रॅम. बिलासपूरला पोचले तेव्हाही ४६०.

म्हणजे साडी पहिल्या केंद्राच्याही आधीच बदलली होती. ग्राहकाने बदलली की तिथून उचलणाऱ्याने, हे मला आजही सिद्ध करता येणार नाही. पण आमच्या मुलाचा काही संबंध नव्हता, एवढे पक्के.

चौकशी केली तर कळले, त्याचे वडील आपल्याच सेक्शनमध्ये ट्रॅकमेंटेनर. मी त्यांच्या क्वार्टरवर गेलो. कंपनीला दुसरा ई-मेल लिहिला होता, त्याची प्रत नेली. सतरा दिवस त्या पोराला काम नव्हते. पगार पार्सलवर मोजून मिळतो, त्यामुळे सतरा दिवसांचे काहीच नाही, आणि तेही दिवाळीचे. वडील काही बोलले नाहीत. मला बसायला खुर्ची दिली आणि स्वतः उभे राहिले. त्याने मी अधिकच खजील झालो. मुलगा एकच वाक्य बोलला. "सर, आपने पार्सल मेरे सामने क्यों नहीं खोला? मैं पाँच मिनट रुक जाता."

मंडळी, हे वाक्य मी त्यानंतर फार वेळा आठवले आहे. कारण हे रेल्वेचेच वाक्य आहे, आणि ते मला एका कुरियरवाल्या मुलाने शिकवावे?

डिरेलमेंट झाली की आपण काय करतो? इंजिनीअरिंगवाले म्हणतात चाक खराब, आम्ही म्हणतो रूळ खराब, आणि दोघे मिळून म्हणतो लोको पायलटने वेग जास्त ठेवला. म्हणून नियम असा की काहीही हलवायच्या आधी सगळ्या विभागांच्या सुपरवायझरनी जागेवर एकत्र मोजमाप घ्यायचे आणि जॉइंट नोटवर सह्या करायच्या. ज्याला पटत नसेल त्याने आपले मतभेद लिहावेत, पण त्या वेळी, तिथे. दुसऱ्या दिवशी क्वार्टरमधून लिहिलेल्या नोटेला कुणी विचारत नाही. ब्रेक पॉवर सर्टिफिकेटचे तेच. आमच्या माणसाची सही, लोको पायलटची सही, गार्डची सही. २०२२ पासून गार्डला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण सही तीच. सह्या झाल्यावर गाडी कुणी कशा स्थितीत दिली-घेतली यावर वाद उरत नाही.

मालवाहतुकीतही ही अक्कल जुनी आहे. रेल्वे पावतीवर 'सेड टू कंटेन' असे लिहिलेले आपल्यापैकी गुड्समधल्या लोकांनी पाहिले असेल. म्हणजे, पाठवणारा म्हणतो की आत अमुक आहे. आम्ही काही उघडून पाहिलेले नाही. आणि १९८९ च्या रेल्वे अधिनियमात ८१ वे कलम आहे. माल खराब स्थितीत आला किंवा छेडछाडीच्या खुणा दिसल्या आणि घेणाऱ्याने मागणी केली, तर रेल्वेने ओपन डिलिव्हरी दिलीच पाहिजे. म्हणजे दोघांसमोर उघडायचे, मोजायचे, लिहायचे. आजकाल महागड्या मोबाइलसाठी कंपन्या 'ओपन बॉक्स डिलिव्हरी'ची जाहिरात करतात तेव्हा मला हसू येते. आपल्याकडे ती आधीपासून आहे.

परंतु एक फरक लक्षात घ्या. ओपन बॉक्स आहे ती बहुतेक ग्राहकाकडे जाताना. उलट दिशेने, ग्राहकाकडून विक्रेत्याकडे येताना, तपासणी कशी होते? पार्सल उचलणाऱ्या माणसाच्या मोबाइलवर वस्तूचा फोटो येतो. रंग जुळतो का, लेबल आहे का, खोके आहे का, अशा चार-पाच खुणांवर तो टिकमार्क करतो आणि पुढच्या घरी जातो. मोबाइल फोन असेल तर आय.एम.ई.आय. क्रमांक जुळवता येतो, पंधरा आकडी असतो, तो खोटा सांगता येत नाही. पण कोसा आणि पॉलिएस्टर यांतला फरक त्या माणसाने दारात उभे राहून कसा ओळखावा? त्याच्याही पावतीचा अर्थ 'सेड टू कंटेन' एवढाच. आमचे वाचन चुकले ते इथे. 'परत मिळाली: साडी १' असे वाचून आम्ही समजलो की कुणीतरी साडी पाहिली आहे. कुणीच पाहिली नव्हती.

पूर्वी व्ही.पी.ने पुस्तके मागवत असू. पोस्टमनला पैसे मोजल्याशिवाय पुडके हातात पडत नसे, आणि आत काय निघेल याची धाकधूक घेणाऱ्याला. आता ती धाकधूक पाठवणाऱ्याकडे आली आहे. याचे एक कारण कायदा. जुलै २०२० मध्ये ग्राहक संरक्षणाचे ई-कॉमर्स नियम आले. माल सदोष असेल, बनावट असेल, जाहिरातीप्रमाणे नसेल किंवा ठरल्या वेळेनंतर आला असेल, तर विक्रेत्याला तो परत घेण्यास किंवा पैसे परत देण्यास नकार देता येत नाही. हा नियम चांगला आहे. मी स्वतः ग्राहक म्हणून एक सदोष मिक्सर परत केला आहे आणि पैसे घेतले आहेत. पण 'जाहिरातीप्रमाणे नाही' हे ग्राहक म्हणतो, आणि 'जे पाठवले ते हे नव्हे' हे आपण म्हणतो. मध्ये बसलेल्या कंपनीने साडी पाहिलेली नसते. ज्याच्याकडे कागद असेल त्याचे ऐकले जाते.

लबाडी फक्त लहान माणसाबरोबर होते असे नाही. २०१७ साली दिल्लीत एकवीस वर्षांच्या एका तरुणाला पोलिसांनी पकडले. आरोप असा की त्याने एका मोठ्या ऑनलाइन कंपनीकडून १६६ महागडे मोबाइल मागवले, दर वेळी खोके रिकामे आले म्हणून तक्रार केली, आणि जवळपास पन्नास लाख रुपये परत मिळवले. एवढी मोठी कंपनी, एवढे संगणक, आणि १६६ वेळा. मग आपल्या काकूंचे काय?

लबाडीचे बाकीचे प्रकार थोडक्यात सांगतो. वापरून परत करणे हा साड्यांमध्ये सर्रास. लग्नात नेसायची, आणि सोमवारी परत. आमच्याकडे एक आली तिला फॉल लावून उसवलेला होता. खालच्या काठाने टाक्यांची भोके ओळीत दिसत होती आणि पदराला अत्तराचा वास. दुसरा, आतले भाग बदलणे: लॅपटॉप तोच, पण मेमरी काढून कमी क्षमतेची घातलेली. तिसरा, 'पार्सल मिळालेच नाही'. त्यावर ओ.टी.पी. सांगितल्यावरच ताबा देण्याची सोय उत्तम, महाग वस्तूला ती जरूर घ्या. चौथा प्रकार लबाडी म्हणावी की नाही ठाऊक नाही: घरी आल्यावर पैसे देण्याच्या बोलीवर मागवायचे आणि दारातूनच नको म्हणायचे. साडी परत येते, पण येण्याजाण्याचे भाडे आपल्या माथी आणि ऐन सणाचे दहा दिवस वाया. आम्ही पाच हजारांवरच्या साडीला ही सवलत बंद केली. विक्री थोडी घटली. सौ. म्हणाल्या, घटू दे.

जे स्वतःच्या ओळखीवर विकतात आणि कार्डने पैसे घेतात, त्यांनी एक ध्यानात ठेवावे. ग्राहक आपल्या बँकेकडे तक्रार करून व्यवहार उलटवू शकतो, आणि तेही कित्येक दिवसांनी. पैसे खात्यात आले म्हणजे विषय संपला असे नाही.

जुनी वस्तू एकदाच विकणाऱ्यांसाठी धोका वेगळा आहे. आमच्या विभागातल्या एका सहकाऱ्याने मुलाचा जुना कॅमेरा विकायला जाहिरात दिली. समोरचा म्हणाला, मी सैन्यात आहे, बदली झाली आहे, माणूस पाठवतो, आधी पैसे घ्या. आणि एक क्यू.आर. कोड पाठवला, म्हणे हा स्कॅन करा, पैसे जमा होतील. सहकाऱ्याने स्कॅन केला, पिन टाकला, नऊ हजार गेले. यू.पी.आय.मध्ये पैसे घ्यायला पिन लागत नाही, कधीच लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे जाणार. असे झाले तर १९३० वर लगेच फोन करा. पैसे पुढे सरकायच्या आत अडवले गेले तरच परत मिळण्याची आशा. त्यांनी लाजेपोटी चार दिवस कुणाला सांगितले नाही.

आता आम्ही काय करतो ते सांगतो. हे कंपनीने शिकवलेले नाही, शेडमधून घरी आणलेले आहे.

साडी बांधताना मोबाइल स्टँडवर लावतो आणि मध्ये न थांबवता सगळे चित्रित करतो. आधी साडी उलगडून काठ आणि पदर. मग पदराच्या एका कोपऱ्याचे जवळून चित्र, जिथे सुताची जाड-बारीक गाठ स्पष्ट दिसते. मघाशी मी ज्या दोषाची गोष्ट केली तो हाच. हातमागाच्या दोन कोसा साड्यांमध्ये तो कोपरा सारखा निघत नाही, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखे आहे. मग स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर साडी, नंतर बंद खोके. मग पत्त्याचे लेबल कॅमेऱ्यासमोर. साडीच्या काठातून एक क्रमांक असलेले प्लास्टिकचे सील ओवतो, वॅगनला लावतात तसलेच पण लहान, बाजारात मिळते. ते तोडल्याशिवाय साडी नेसता येत नाही, आणि तोडले की पुन्हा जोडता येत नाही. वर्णनातच लिहिले आहे की सील अखंड असेल तरच पसंती-नापसंतीच्या कारणाने परत घेऊ. साडी खरोखर सदोष निघाली तर मात्र सील तुटले असले तरी घेतो. तो ग्राहकाचा हक्क आहे.

परत येताना याच्या उलट क्रम. आधी बंद खोक्याचे चारी बाजूंनी चित्र, लेबल, वजन, आणि मग तो मुलगा समोर असतानाच उघडायचे. होय, तोच मुलगा अजून येतो. सौ. त्याला पाणी देतात, तो घड्याळ बघत पाच मिनिटे थांबतो आणि वहीत वजनाच्या आकड्यासमोर सही करतो. ही आमची जॉइंट नोट. कंपनी त्या सहीला विचारते की नाही हा वेगळा भाग, पण तिच्यामुळे पुन्हा कुणा भलत्यावर माझे बोट जाणार नाही. वजन कमी दिसले किंवा पट्टी बदललेली दिसली तर ते त्यांच्या मशीनवर आधी नोंदवून घ्यायचे, सही नंतर. आणि दाव्याची मुदत! ती कंपनीगणिक वेगळी असते आणि मधूनमधून बदलते. आमचे पार्सल एक दिवस कपाटावर राहिले. फराळ होत राहतो, पार्सल आले की आधी ते.

मूळ चित्रण मोबाइलमध्येच ठेवा, दुसरी प्रत संगणकावर. व्हॉट्सॲपने पाठवलेली प्रत लहान होऊन जाते. कधी पोलिसांत जायची वेळ आली तर मूळ फाइल लागते, आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाप्रमाणे तिच्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. फसवणुकीचे कलम आपल्या तोंडी ४२० बसले आहे. १ जुलै २०२४ नंतरच्या गुन्ह्यांना ते भारतीय न्याय संहितेत ३१८ झाले. एका साडीसाठी दूरच्या शहरात तारखांना जायचे का, हे मात्र ज्याने त्याने ठरवावे. मी गेलो नाही. रजा शिल्लक नव्हती, आणि खरे सांगायचे तर कुणाविरुद्ध जायचे हेही पक्के नव्हते. एकदा चुकीचे नाव लिहून झाले होते.

आणखी एक. पार्सलवर किंमत कमी लिहून भाडे किंवा विम्याचे दहा-वीस रुपये वाचवणारे पुष्कळ आहेत. रेल्वेत बुकिंग करताना मूल्य जाहीर केले नाही तर भरपाई वजनाच्या हिशेबाने मिळते, हे आपल्याला पाठ आहे. कुरियरवाल्यांच्या पावतीमागचा बारीक मजकूर वाचा, भाव तोच. पोस्टाने पाठवत असाल तर विमा उतरवता येतो.

हे सगळे ऐकून कुणाला वाटेल की ग्राहक चोर आहेत. आमच्या वहीचा हिशेब सांगतो. सुरुवातीपासून परवापर्यंत २१२ साड्या ऑनलाइन गेल्या. ३१ परत आल्या. त्यांपैकी लबाडीच्या चार. बाकी सत्तावीस जणांची कारणे खरी होती, आणि नीट पाहिले तर निम्म्यांना आमचे फोटो जबाबदार होते. भाच्याने रंग जरा उजळ केले होते. आता फोटो सकाळी दहाला गच्चीवर काढतो आणि जसा येईल तसा ठेवतो. पुण्याच्या एका आजींनी तर साडी परत करताना आतली आमची हळदीकुंकवाची पुडी ठेवून घेतली आणि तिच्या जागी स्वतःकडची दुसरी पाठवली, चिठ्ठीसह. त्यांनी पुढच्या वर्षी दोन साड्या घेतल्या. सीलमुळे त्यांचेही काम सोपे झाले, उगाच कुणी त्यांच्याकडे संशयाने बघितले नाही.

कर्ज मार्चमध्ये फिटले. सौ.नी मधले सहा महिने दुकान बंद ठेवले होते. पैशापेक्षा त्यांना लागले ते चिठ्ठी आणि पुडी तशीच परत आल्याचे. पुन्हा सुरू केले ते चांपाच्या विणकराच्या बायकोमुळे. तिने फोन करून विचारले, दीदी, इस साल कितनी बनाएँ?

कुणीतरी मागून खूण करत आहे, आरतीची वेळ झाली. ती पॉलिएस्टरची साडी आम्ही टाकली नाही. खोके, तपकिरी पट्टी, सेफ्टीपिन लावलेले लेबल, सगळे प्लास्टिकच्या पिशवीत सील करून ठेवले आहे. आज बरोबर आणले आहे. ज्या भगिनींना हाताला फरक कळतो का ते बघायचे असेल त्यांनी प्रसादानंतर डाव्या बाजूच्या टेबलापाशी यावे. शेजारी अस्सल कोसाही ठेवला आहे. त्यावर किंमतही लिहिली आहे, पण ती सौ.ची कामगिरी, माझी नव्हे.

नमस्कार. गणपती बाप्पा मोरया.